योसेफची जागा

चित्रकलेच्या इतिहासाचे कोणतेही पुस्तक उघडले, की प्रबोधनकाळाच्या प्रकरणात एक त्रिकोण हमखास भेटतो. राफाएलच्या एखाद्या चित्रावर तीन सरळ रेषा मारलेल्या असतात आणि खाली ‘पिरॅमिडसदृश रचना’ असे छापलेले असते. आपण तो त्रिकोण वहीत उतरवून घेतो, परीक्षेत काढतो, गुण मिळवतो आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतो.

मीही तेच केले. दुसऱ्या वर्षाला असताना राफाएलच्या ‘कानिजानी पवित्र कुटुंब’ या चित्रावर मी वर्गात एक निबंध वाचला होता. ग्रंथालयातल्या एका जुन्या, जाडजूड पुस्तकातील चित्रप्रत समोर ठेवून तो लिहिला होता. त्यातले एक वाक्य माझे मलाच फार आवडले होते. त्रिकोणाच्या शिखराच्या दोन्ही अंगांना पसरलेले मोकळे आकाश हे तरुण राफाएलच्या संयमाचे द्योतक आहे, असे ते वाक्य होते. निबंधाला शेराही चांगला मिळाला. पुढे काही महिन्यांनी त्याच चित्राची नवी प्रत पाहण्यात आली आणि मी चपापलो. त्या मोकळ्या आकाशात, डावीकडे आणि उजवीकडे, ढगांत बसलेल्या बालदेवदूतांचे दोन घोळके होते. ज्या आकाशाची मी स्तुती केली होती ते राफाएलचे नव्हतेच. त्याच्या मृत्यूनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी दुसऱ्याच कोणी तरी त्यावर रंगाचा हात फिरवला होता.

ही चूक एका वाक्यापुरती असती तर ते वाक्य खोडून भागले असते. परंतु विचार करता करता लक्षात आले, की मी त्रिकोण पाहिला होता, चित्र पाहिलेच नव्हते. तो त्रिकोण राफाएलला कशासाठी लागला, हा प्रश्नच मनात आला नव्हता. त्या प्रश्नाचे जे उत्तर पुढे सापडले, ते सहाध्यायांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चित्र आणि त्याचा धनी

प्रथम चित्राची ओळख. हे चित्र आज जर्मनीतील म्यूनिक शहरात, आल्टे पिनाकोथेक या संग्रहालयात आहे. लाकडी फलकावर तैलरंगात रंगवलेले, सुमारे १३१ सेंटिमीटर उंच आणि १०७ सेंटिमीटर रुंद. राफाएलचा जन्म १४८३ चा, उर्बिनो गावचा. १५०४ ते १५०८ ही वर्षे त्याने मुख्यतः फ्लॉरेन्समध्ये काढली आणि त्या वास्तव्याच्या अखेरीस, १५०७ च्या आसपास, हे चित्र रंगवले. तेव्हा त्याचे वय अवघे चोवीस होते. मरियेच्या वस्त्राच्या गळपट्टीवर त्याने आपले नाव लिहिले आहे: उर्बिनोचा राफाएल.

चित्र करवून घेतले फ्लॉरेन्सच्या दोमेनिको कानिजानी या गृहस्थाने. १५०७ साली झालेल्या त्याच्या विवाहाच्या निमित्ताने ते करवून घेतले असावे, असा अभ्यासकांचा कयास आहे. म्हणजे हे चर्चच्या वेदीवरचे चित्र नव्हे. ते घरात लावायचे, घरच्या माणसांनी रोज पाहायचे आणि ज्याच्यापुढे प्रार्थना करायची असे चित्र आहे. आपल्याकडच्या देवघराशी त्याचे नाते अधिक जवळचे. ही गोष्ट ध्यानात ठेवली, तर पुढच्या अनेक गोष्टी आपोआप उलगडतात.

चित्रात पाच माणसे आहेत. उजव्या बाजूला तांबडे वस्त्र आणि निळा झगा ल्यालेली मरिया जमिनीवर बसली आहे. तिच्या हातात एक लहानसे पुस्तक आहे. वाचता वाचता मध्येच थांबावे तसे. तिच्याजवळ बाळ येशू. डाव्या बाजूला म्हातारी एलिझाबेथ, म्हणजे मराठी बायबलातील अलीशिबा. मरियेची ही नातलग. तिच्यापुढे तिचा मुलगा, बाळ योहान; पुढे हाच बाप्तिस्मा देणारा संत योहान म्हणून ओळखला गेला. दोन्ही मुलांमध्ये एक लांब पट्टी आहे. ज्या पट्टीशी ती खेळत आहेत तिचा अर्थ खेळकर नाही. मोठेपणी योहान येशूला ‘देवाचे कोकरू’ म्हणून ओळखणार आहे, आणि कोकरू म्हटले की बळी आलाच. चित्रपरंपरेत बाळ योहानाच्या हातातली पट्टी त्या भविष्याची खूण असते.

आणि या चौघांच्या वर, मधोमध, दोन्ही हातांनी काठीवर रेललेला म्हातारा योसेफ उभा आहे.

न बोललेला माणूस

योसेफविषयी बायबल फार थोडे सांगते. तो सुतार होता, नीतिमान होता आणि स्वप्नात मिळालेल्या आज्ञेप्रमाणे वागत गेला. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एकही शब्द नाही. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे तो मरियेचा पती आहे, परंतु येशूचा जन्मदाता नव्हे. त्याने मूल सांभाळले, वाढवले, संकटात मिसर देशाला नेले आणि परत आणले. तरीही मूल त्याचे नव्हते.

अशा माणसाला चित्रात बसवायचे कुठे? मध्ययुगातील चित्रकारांनी त्याला बाजूला बसवले. पादुआ येथील जोत्तोच्या १३०५ च्या सुमाराच्या भित्तिचित्रात येशूचा जन्म दाखवला आहे. त्यात माता आणि बालक एकमेकांकडे पाहात आहेत, आणि योसेफ खाली जमिनीवर, डोळे मिटून, घडणाऱ्या घटनेपासून अलिप्त असा बसलेला आहे. शतकानुशतके त्याची जागा हीच होती. काही ठिकाणी तर तो चेष्टेचाही विषय झाला.

पंधराव्या शतकात ही स्थिती बदलू लागली. पॅरिस विद्यापीठाचा कुलगुरू झाँ जेर्सों याने १४१६ साली कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत योसेफच्या थोरवीवर प्रवचन केले. इटलीत सिएनाच्या संत बेर्नार्दिनोने तोच विषय लोकांपर्यंत नेला. पुढे १४७९ च्या सुमारास पोप चौथा सिक्स्टस याने योसेफच्या सणाला रोमच्या धार्मिक दिनदर्शिकेत १९ मार्च ही तिथी दिली. कोपऱ्यात झोपलेला म्हातारा आता कुटुंबाचा पालक म्हणून पूज्य ठरला. चित्रकारांपुढे मात्र यातून अडचण उभी राहिली. ज्याला आजवर कडेला बसवत होतो त्याला आता मानाने आत घ्यायचे. पण इतकेही आत घ्यायचे नाही, की पाहणाऱ्याला तो त्या मुलाचा जन्मदाता वाटावा.

राफाएलने योसेफ आधीही रंगवला होता. मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात त्याचे १५०४ चे ‘मरियेचा विवाह’ हे चित्र आहे. जुनी आख्यायिका अशी, की मरियेच्या वरांनी आपापल्या काठ्या मंदिरात आणल्या आणि ज्याची काठी फुलली तो वर ठरला. त्या चित्रात योसेफच्या हातात फुललेली काठी आहे आणि निराश झालेला एक तरुण आपली काठी गुडघ्यावर मोडतो आहे. ते चित्र आठवून कानिजानी चित्राकडे आले, की योसेफच्या हातातली काठी निव्वळ म्हातारपणाचा आधार राहात नाही. ती त्याच्या निवडीची खूण होते.

त्रिकोणाचे कारण

आता त्रिकोणाकडे वळू. फ्लॉरेन्समध्ये आल्यावर राफाएलने लिओनार्दोचा अभ्यास केला, हे सर्वज्ञात आहे. १५०१ साली लिओनार्दोने मरिया, तिची आई संत ॲना आणि बाळ येशू यांचे मोठे रेखाटन लोकांना पाहण्यासाठी ठेवले तेव्हा दोन दिवस माणसांची रीघ लागली होती, असे वासारी सांगतो. अनेक देहांची गुंफण करून एकच भक्कम आकार उभा करण्याची युक्ती राफाएलने तेथून उचलली. ‘गोल्डफिंच पक्ष्याची मरिया’, व्हिएन्नाची ‘बेल्वेदेरे मरिया’, लूव्रमधील ‘ला बेल जार्दिनिएर’ या १५०६-०७ च्या चित्रांत त्याने ती पुन्हा पुन्हा वापरली. या तिन्ही चित्रांत माणसे तीनच आहेत: मरिया आणि दोन मुले. शिखरावर आईचे मस्तक, पायथ्याशी मुले. येथे त्रिकोण सहज जमतो, कारण आई आणि मुले यांच्यात कोण वर आणि कोण खाली याचा वादच नाही.

कानिजानी चित्रात मात्र दोन म्हातारी माणसे वाढली. योसेफ उभा राहिला, की शिखर आपोआप त्याच्याकडे जाते. शिखर त्याच्याकडे गेले, की मरिया खाली उतरते. भक्तिचित्राच्या दृष्टीने ही मोठीच पंचाईत होती.

हे कोडे राफाएलने कसे सोडवले ते पाहण्यासारखे आहे. त्याने योसेफला उंचावर ठेवले, परंतु ताठ उभे केले नाही. योसेफ वाकला आहे. त्याच्या शरीराचा भार काठीवर आहे, खांदे पुढे झुकले आहेत आणि दृष्टी खाली आहे. शिखरावर पोचलेला आपला डोळा तेथे ठरत नाही; योसेफबरोबर तोही खाली उतरतो. शिवाय चित्रातला सर्वांत ठाशीव रंग, मरियेचा तांबडा आणि निळा, खाली उजवीकडे आहे. उंची योसेफला मिळाली आणि तेज मरियेला. अधिकार आणि पूज्यता यांची ही वाटणी राफाएलने आकार आणि रंग यांच्यात करून टाकली. त्रिकोणाची ही उपपत्ती कळली, म्हणजे वहीतल्या तीन रेषा किती अपुऱ्या आहेत हेही कळते.

त्याच काळात मायकेलँजेलोने आन्योलो दोनीसाठी पवित्र कुटुंबाचे वर्तुळाकार चित्र रंगवले. ते आज फ्लॉरेन्सच्या उफ्फीत्सी संग्रहालयात आहे. तेथे योसेफ मरियेच्या अगदी मागे, तिला पाठीशी घालून बसला आहे, आणि मूल मरियेच्या खांद्यावरून एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात आहे. पिळदार देहांची ती गुंफण पाहिली, की राफाएलचे चित्र काहीसे बांधीव आणि हिशेबी वाटते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पुढे रोममध्ये राफाएलने स्वतःच हा ताठ पिरॅमिड मागे टाकला. तथापि मायकेलँजेलोच्या चित्रात जे नाही ते येथे आहे: माणसे एकमेकांकडे पाहतात.

चार नजरा

या चित्राचे खरे मर्म नजरांत आहे. मुले एकमेकांत गुंतली आहेत. मरिया मुलांकडे पाहते आहे. एलिझाबेथने मात्र मान वर करून योसेफकडे पाहिले आहे, आणि योसेफ खाली वाकून तिच्याकडे पाहतो आहे. सोळाव्या शतकात वासारीनेही या चित्राचे वर्णन करताना नेमकी हीच गोष्ट टिपली होती. काठीवर हात टेकलेला योसेफ त्या वृद्धेकडे झुकला आहे आणि जणू विस्मयात पडला आहे, अशा आशयाचे त्याने लिहिले आहे.

एलिझाबेथने योसेफकडे का पाहावे? एक घरगुती उत्तर असे, की खेळणाऱ्या मुलांच्या डोक्यावरून दोन वडीलधारी माणसे एकमेकांकडे पाहतातच; ते दृश्य कोणत्याही घरातले आहे. पण आणखी एक उत्तर बायबलात दडलेले आहे. मरियेच्या पोटी कोण येणार आहे हे कुटुंबातील ज्या माणसांना आधी कळले, त्यांत ही दोघे आहेत. मरिया भेटीला आली तेव्हा एलिझाबेथने तिला ओळखले, असे लूक सांगतो. योसेफला स्वप्नात कळले, असे मत्तय सांगतो. दोघेही वयाने उतरलेली. आपण वाढवीत असलेली मुले आपली असूनही आपली नाहीत, हे जाणणारी. खाली मुले पट्टीशी खेळतात आणि वर हे दोन साक्षीदार एकमेकांच्या डोळ्यांत त्या पट्टीचा अर्थ वाचतात.

बायबलात या पाच जणांची अशी भेट कोठेही सांगितलेली नाही. पवित्र कुटुंब मिसरहून परतताना दोन्ही मुले भेटली अशी आख्यायिका मध्ययुगापासून प्रचलित होती. शिवाय योहान हा फ्लॉरेन्सचा रक्षक संत. फ्लॉरेन्सच्या गृहस्थाच्या घरातल्या चित्रात त्याचे बालरूप आले, म्हणजे त्या कुटुंबाबरोबर त्याचे नगरही चित्रात आले. नवविवाहित दांपत्याने रोज पाहावे असे यात पुष्कळ होते: आईचे लक्ष, वडिलांचे पालकत्व, वृद्धांचा वावर, आणि मूल कितीही लाडके असले तरी ते शेवटी आपल्या मालकीचे नसते, ही जाणीव.

झाकलेले देवदूत

आता त्या आकाशाची हकीकत. कानिजानी कुटुंबाकडून हे चित्र मेदिची संग्रहात गेले. १६९१ साली मेदिची घराण्यातील आन्ना मारिया लुईझा हिचा जर्मनीतील राजपुरुष योहान विल्हेल्म याच्याशी विवाह झाला आणि त्या संबंधातून चित्र ड्युसेलडॉर्फला पोचले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो संग्रह म्यूनिकला हलवण्यात आला.

अठराव्या शतकात चित्राचा वरचा भाग खराब झालेला होता. चुकीच्या पद्धतीने साफसफाई केल्याने तसे झाले असावे, असे मानले जाते. झिजलेले देवदूत दुरुस्त करण्याऐवजी त्यांवर आकाशाचा रंग चढवण्यात आला. जुन्या प्रतिकृतींत देवदूत असल्यामुळे मूळ चित्रात ते होते हे अभ्यासकांना ठाऊक होते. परंतु पाहणाऱ्यांच्या अनेक पिढ्यांपुढे आणि छापील पुस्तकांत आले ते रिकामे आकाशच. अखेर १९८३ च्या सुमारास, राफाएलच्या जन्माला पाचशे वर्षे होत असताना, म्यूनिकच्या संग्रहालयाने वरचा रंग काढला आणि देवदूत पुन्हा प्रकट झाले. झिजलेले, पण राफाएलच्या हातचे.

त्यांच्या येण्याने चित्र किती बदलते! रिकाम्या आकाशापुढे तो पिरॅमिड एकाकी आणि जरा भूमितीच्या पुस्तकातला वाटत असे. ‘रचना फार ताठ आहे’ असे जे म्हटले जाते, त्यातला काही भाग तरी या रंगलेपाचा दोष आहे. देवदूत आल्यावर वरचे दोन्ही कोपरे भरतात आणि योसेफचे मस्तक त्यांच्या बरोबर मधोमध येते. खाली पृथ्वीवरचे कुटुंब, वर स्वर्गातले साक्षीदार, आणि दोन्ही जेथे भेटतात तेथे हा मुका म्हातारा. अनेक जुन्या वेदीचित्रांत बाळ येशूच्या वर, मध्यरेषेवर, आकाशातला पिता दाखवलेला असतो. येथे त्या रेषेवर पृथ्वीवरचा पालक उभा आहे. तो त्या पित्याच्या जागी आहे, पण तो पिता नाही, हे त्याला ठाऊक आहे. म्हणूनच तो ताठ नाही, झुकलेला आहे. हा अर्थ मला देवदूत पाहिल्यानंतरच उमगला. शिखराच्या दोन्ही बाजूंना काहीच नव्हते तेव्हा योसेफ फक्त त्रिकोणाचे टोक होता.

आपण काय करावे?

आपल्यापैकी बहुतेकांना मूळ चित्र पाहण्याचा योग येणार नाही. आपला सगळा अभ्यास प्रतींवर चालतो, आणि त्याबद्दल खंत करीत बसण्यात अर्थ नाही. मात्र प्रतींवर अभ्यास करणाऱ्याने काही सवयी लावून घ्याव्यात असे सुचवावेसे वाटते.

पहिली सवय: चित्राची प्रत कोणत्या साली छापली ते आधी पाहावे, आणि शक्य तेथे जुनी व नवी प्रत शेजारी ठेवावी. चित्र म्हणजे एकदा रंगवून संपलेली वस्तू नव्हे. ते झिजते, झाकले जाते, उघडले जाते. दुसरी: रचनेच्या रेषा काढण्याआधी नजरांच्या रेषा काढाव्यात. पारदर्शक कागद ठेवून कोण कोणाकडे पाहते ते बाणांनी दाखवावे. कानिजानी चित्रात असे केले, तर एक बाण खाली आणि एक वर जाताना दिसेल, आणि चित्राचा अर्थ तेथेच सापडेल. तिसरी: नव्या प्रतीतील देवदूतांवर कोऱ्या कागदाचे दोन तुकडे ठेवून पाहावे, मग ते काढावेत. पाच मिनिटांचा हा प्रयोग रचनेविषयीच्या पुष्कळ व्याख्यानांहून अधिक शिकवून जातो.

चौथी गोष्ट सवयीची नव्हे, वृत्तीची. भक्तिचित्र समजण्यासाठी पाहणाऱ्याने त्या धर्माचे असलेच पाहिजे असे नाही. परंतु चित्रातली माणसे कोण, ती एकमेकांची कोण लागतात, आणि हे चित्र ज्याच्या घरात होते तो त्याच्यापुढे उभा राहून काय म्हणत असेल, हे विचारल्यावाचून केलेले रसग्रहण पोकळ राहते. आकार हा अर्थासाठी शोधलेला असतो. अर्थ बाजूला ठेवून आकार तेवढा उचलला, की त्याचा साचा होतो.

माझा तो निबंध अजून माझ्यापाशी आहे. मोकळ्या आकाशाच्या स्तुतीचे ते वाक्य मी खोडलेले नाही. त्याच्या शेजारी समासात पेन्सिलीने दोन लहान वर्तुळे काढून ठेवली आहेत, देवदूत जेथे असायला हवे होते तेथे.